जागेवर बर्नआउट : सगळा खेळ पुढच्या चाकांचा

गाडी एका जागी रोखून धरायची आणि मागची चाकं धूर निघेपर्यंत गरगर फिरवायची, याला बर्नआउट म्हणतात. तो चालू असताना सगळ्यांचं लक्ष मागच्या चाकांवर असतं, कारण धूर तिथून निघतो. मी पुढच्या चाकांकडे बघत उभा असतो. ती वीतभर जरी सरकली, तरी त्या बर्नआउटमध्ये काहीतरी चुकलंय हे कळतं. इंजिनात ताकद असली की टायर फिरवणं कुणालाही जमतं. दीड-पावणेदोन टनांची गाडी एका जागी खिळवून ठेवून फक्त दोनच चाकं फिरवायची, हे मात्र तयारीचं काम आहे. मला त्यातलं तेच आवडतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आण्णांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. उसाच्या ट्रकचे गुळगुळीत झालेले टायर यायचे. ते बफिंग करून त्यावर नवं रबर चढवायचं, साच्यात शिजवायचं आणि परत रस्त्यावर पाठवायचं. माझं लहानपण त्या वासात गेलं. आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेरात एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. इथे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात समरनॅट्स नावाचं गाड्यांचं संमेलन भरतं. चिक हेन्री नावाच्या माणसाने १९८८ साली ते सुरू केलं. २०२२ मध्ये तो गेला, पण मेळा चालू आहे. एक्झिबिशन पार्कच्या मैदानावर देशभरातून गाड्या येतात आणि बर्नआउटसाठी वेगळा, कठडे घातलेला पट्टा असतो. २०१९ साली इथे १२६ गाड्यांनी एकाच वेळी बर्नआउट करून जागतिक विक्रम केला. शहरातल्या निम्म्या लोकांना या आवाजाचा आणि धुराचा वैताग आहे, आणि तो मला समजतो. उरलेले निम्मे सुट्टी काढून तिथे उभे असतात, मी त्यांच्यातला.

माझा शेजारी २००३ सालच्या होल्डन यूटची तयारी करतो. यूट म्हणजे पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा. हा प्रकार ऑस्ट्रेलियात १९३४ साली फोर्डच्या जीलाँगच्या कारखान्यात जन्मला. शेतकऱ्याला आठवडाभर माल वाहता यावा आणि रविवारी बायकोला घेऊन चर्चलाही जाता यावं, अशी एकच गाडी हवी होती, असं इथे सांगतात. होल्डनचा शेवटचा कारखाना ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद पडला, त्यामुळे आता ही यूट म्हणजे इथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८, पुढे. ताकद मागच्या चाकांना. आणि हौदा रिकामा.

रिकामा हौदा महत्त्वाचा. मागच्या ॲक्सलवर समजा ७०० किलो वजन आहे आणि पुढच्यावर साडेनऊशे. फिरून तापलेल्या टायरची पकड वजनाच्या साधारण सत्तर टक्के धरली, तर मागची चाकं गाडीला पाचशे किलोच्या आसपास जोराने पुढे ढकलतात. पुढची चाकं ब्रेकने जखडलेली, न फिरणारी. त्यांची पकड त्याहून चांगली आणि डोक्यावर वजनही जास्त, त्यामुळे ती आठशे-साडेआठशे किलोपर्यंतचा जोर सोसतात. हा जो फरक, त्याच्याच जिवावर गाडी जागेवर राहते. हौद्यात अवजारांची पेटी आणि चार जादा टायर टाका, फरक कमी झाला. पुढच्या चाकांखाली पाणी किंवा बारीक खडी आली, फरक संपला आणि गाडी निघाली. म्हणून पट्ट्यावर जाण्याआधी शेजारी झाडू घेऊन पुढच्या दोन चाकांखालची जागा साफ करतो. मागच्या चाकांखालची करत नाही.

हाच हिशेब कोल्हापूर-पुण्याच्या पोरांनी आपल्या गाड्यांना लावून बघावा. मला तिकडून सारखे निरोप येतात, 'दादा, स्विफ्टचा बर्नआउट कसा मारायचा?' स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. इंजिनाचं वजनही पुढेच. म्हणजे जी चाकं फिरवायची त्यांच्यावर भार जास्त, आणि ज्यांनी गाडी धरायची ती मागची चाकं हलकी, वर त्यांना फक्त हँडब्रेकचा आधार. मग होतं असं की मागची चाकं जाम अवस्थेतच फरफटत जातात, गाडी पुढे सरकते आणि ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट कडकड वाजायला लागतात. होत नाही असं नाही, पण ज्या गाडीने रोज आईला बाजारात न्यायचं, तिच्यावर हे करू नका असंच मी त्यांना सांगतो. जुनी ॲम्बेसेडर, ओम्नी, बोलेरो या मागच्या चाकांच्या, पण त्यांच्यात तेवढा जोर नाही किंवा त्या उंच आहेत.

आता प्रत्यक्ष कसं करतात ते सांगतो.

ऑटोमॅटिक गाडीत साधी पद्धत अशी. डावा पाय ब्रेकवर घट्ट, गिअर पहिला किंवा दुसरा, उजव्या पायाने रेस वाढवत जायची. एका क्षणी मागचे टायर सुटतात. तिथे ब्रेक थोडासा, अगदी थोडासा सैल करायचा. कारण ब्रेकचं पेडल चारही चाकांना लागतं. पुढची धरून राहतील इतकाच दाब ठेवायचा आणि मागच्या ब्रेकच्या लायनरला मोकळं करायचं. हा दाब पायाला कळायला वेळ लागतो. न कळलेला माणूस मागचे ब्रेक आणि इंजिन यांची कुस्ती लावतो, आणि त्यात लायनर, डिस्क, गिअरबॉक्सचं तेल असं सगळंच भाजून निघतं. नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले की संगणक इंजिनाची ताकदच कापतो, आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद केल्याशिवाय चाक सुटतच नाही.

मॅन्युअलमध्ये रेस वर ठेवून क्लच झटक्यात सोडायचा आणि चाकं सुटल्या-सुटल्या डावा पाय ब्रेकवर आणायचा. हळूहळू क्लच सोडणारा टायरऐवजी क्लच प्लेट जाळतो. त्याचा वास वेगळा, आंबूस आणि घशाला लागणारा.

यावरचा खरा उपाय म्हणजे लाइन लॉक. पुढच्या ब्रेकच्या नळीत बसवलेला छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. ब्रेक दोन-तीनदा दाबून दाब तयार करायचा, पेडल खाली असतानाच गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबायचं आणि पेडल सोडायचं. पुढच्या चाकांतला दाब आतच कोंडला जातो, मागची चाकं पूर्ण मोकळी. फोर्डने २०१५ च्या मस्टँग जीटीमध्ये ही सोय कारखान्यातूनच दिली, तिथे ती संगणकावर चालते आणि ठरावीक सेकंदांनी आपोआप सुटते. शेजाऱ्याच्या यूटमध्ये बटण अंगठ्याखाली आहे. ते पार्किंग ब्रेक म्हणून वापरायचं नसतं, व्हॉल्व्ह तापतो आणि दाब गळतो.

सोडताना क्रम उलटा, आणि लोक चुकतात ते इथेच. आधी रेस पूर्ण सोडायची, चाकं थांबू द्यायची, मग बटण. चाकं गरगर फिरत असताना बटण सोडलं तर तापलेलं चिकट रबर जमिनीला पकडतं आणि गाडी उडी मारल्यासारखी पुढे जाते. समोर कठडा असेल तर कठड्यात, माणूस असेल तर माणसावर. म्हणून स्टेशनरी बर्नआउटच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही, मोबाइल धरून तर नाहीच.

ड्रॅग रेसमध्ये हेच काम दिसण्यासाठी नसतं. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सुटायच्या आधी मागचे टायर साफ आणि गरम करायचे असतात. रबर तापलं की मऊ होतं आणि रस्ता धरतं. पूर्वी अमेरिकेत टायरखाली ब्लीच ओतायचे, त्याच्या वाफा फार वाईट, पुढे पाण्यावर आले. साध्या नक्षीच्या टायरवर आलेल्या माणसाने मात्र त्या पाण्याला वळसा घालून जावं. नक्षीत पाणी अडकतं, ते सुरुवातीच्या रेषेवर सांडतं आणि तुमच्यासकट मागच्या सगळ्यांची पकड जाते. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, तिथे गेलेल्यांना हे माहीत असेल.

आता धुराबद्दल. मागच्या चाकांचा पाचशे किलोच्या आसपासचा जोर धरा आणि स्पीडोमीटरवर ताशी १०० धरा. गुणाकार केला की सुमारे १३० किलोवॉट होतात. गाडी जागची हललेली नाही, म्हणजे ही सगळी ताकद उष्णता होऊन टायर आणि जमीन यांच्यामध्ये जाते. घरातल्या १३० इस्त्र्या एकदम चालू करून तळहाताएवढ्या दोन ठिकाणी दाबल्या, असं समजा. रबर दोनशे अंशांच्या पुढे गेलं की त्यातली तेलं आणि रबराचे तुकडे झालेले रेणू वाफ होऊन निघतात आणि बाहेरच्या हवेत त्यांचे बारीक थेंब बनतात. बर्नआउटचा धूर पांढरा दिसतो तो या थेंबांमुळे. ज्वाळा लागून जळणाऱ्या टायरचा धूर काळा असतो, कारण त्यात काजळी असते. पट्ट्यावर पांढऱ्यात काळी रेघ दिसली की आग लागली, असं समजून अग्निशमनवाले पुढे सरकतात. त्यांच्या आधी ती मला दिसावी असा माझा प्रयत्न असतो.

दोनशे अंश म्हटल्यावर मला आण्णांचा साचा आठवतो. तिथे दीडशेच्या आसपास रबर शिजायचं, त्यातलं गंधक रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधायचं आणि मऊ पट्टीचा टायर व्हायचा. पन्नास-साठ अंशांच्या फरकात तेच रबर शिजण्याऐवजी सुटायला लागतं. आण्णांना तो फरक नाकाने कळायचा. दुकानात दुसऱ्या टोकाला बसून ते ओरडायचे, 'आरं, करपतंय बघ ते!' आणि खरंच तापमानाचा काटा वर गेलेला असायचा. मलाही तो वास कळतो, आणि पट्ट्याच्या कडेला उभा राहून मी तोच वापरतो. नुसतं रबर असेल तर वास गोडसर, जड. त्यात गरम तेलाचा तिखटपणा आला तर गिअरबॉक्समधून किंवा क्राऊनमधून, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या दात्यांच्या डब्यातून, तेल बाहेर पडतंय. गोडसर पण वेगळा, सिरपसारखा वास म्हणजे रेडिएटरचं कूलंट. उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर, त्यामुळे हा वास जानेवारीच्या उन्हात नेहमीचा.

आण्णांना मी फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, 'आम्ही जलमभर टायर वाचिवलं, आन तू जाळणाऱ्यांच्यात जाऊन उभा ऱ्हायलास व्हय?'

'आण्णा, ते जाळायला घेतात ते टायर तुम्हीसुद्धा परत पाठवले असते. आतला सांगाडा रिमोल्डच्या लायकीचा राहिलेला नसतो.'

'तार दिसतीया का?'

'नाही, तार दिसली तर घेतच नाहीत.'

'मग ठीक हाय. आन फुगवटा बघतोस नव्हं?'

हा प्रश्न त्यांनी विचारला याचा मला आनंद झाला, कारण टायर निवडण्याचं काम शेजारी माझ्यावर सोडतो. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांनी बदलून टाकलेल्या टायरांचा ढीग असतो, त्यातून मालकाला विचारून मी घेतो. साइडवॉलवर हात फिरवायचा, आतून आणि बाहेरून. फुगवटा असेल, भेग असेल, साइडवॉलला पंक्चरचा पॅच असेल तर बाजूला. मग तारखेचा आकडा बघायचा. चार आकडे असतात, ३४१९ म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. फार जुन्या टायरचं रबर कडक होतं, धूर उशिरा येतो आणि टायरवरचा रबराचा पट्टा एकदम सोलून निघतो. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारा आणि एकच चाक सुटू न देणारा क्राऊनमधला भाग, सतत भांडत राहतो. आणि रिमोल्ड टायर कधीच नाही. आण्णांच्या हातचा असता तरी नाही. वर चढवलेला पट्टा या उष्णतेसाठी केलेलाच नसतो. हवा आम्ही नेहमीपेक्षा जास्त भरतो, म्हणजे टायर मधून फुगीर राहतो, कमी जागा टेकते आणि रिमवरून निसटत नाही.

डिफरन्शियलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे बहुतेक गाड्यांना साधा असतो. साध्या डिफरन्शियलला एकच चाक फिरतं, ज्याची पकड कमी ते. दुसरं उभं. अशा वेळी स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा फिरणारं चाक प्रत्यक्षात १२० ने फिरत असतं. तुम्ही काट्यावर शंभर बघून खूश होता तेव्हा तो टायर दोनशेने फिरतोय, आणि त्याच्यावर छापलेली वेगमर्यादा कधीच मागे पडलीय. टायर फुटतो तो असा. शिवाय आतले छोटे दात, जे एरवी वळणावर जेमतेम फिरतात, ते पूर्ण वेगाने घासत राहतात, तेल त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि ते पिनला चिकटून बसतात.

टायर संपत आला की आवाज बदलतो. आधी एकसंध गर्जना असते. मग तिच्यात फटक फटक असा ठोका येतो. टायरवरच्या पट्ट्याचा एखादा तुकडा सुटून मडगार्डला आतून आपटत असतो. स्पर्धेत लोक इथून पुढे जातात, टायर फुटेपर्यंत, कारण त्याला टाळ्या आहेत. पण त्यांच्या गाड्यांत चाकांच्या कमानीला आतून लोखंडी पत्रा मारलेला असतो, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या तिथून हलवलेल्या असतात, प्रोपेलर शाफ्टभोवती कडं असतं. सुटलेली पोलादी तार चाबकासारखी फिरते आणि नळी सहज कापते. त्यावर तापलेलं रबर आणि पेट्रोल. शेजारी ठोक्याच्या पहिल्या आवाजाला थांबतो. मी हात वर करतो, तो रेस सोडतो, हे आमचं ठरलेलं आहे. अंगात पूर्ण बाह्यांचे, आग न धरणारे कपडे, हेल्मेट, बंद बूट, उन्हाळा कितीही असो. अग्निशामक सिलिंडर माझ्या पायाशी असतो, गाडीत नाही, कारण आग लागली तर गाडीत हात कोण घालणार?

आणि हे सगळं पट्ट्यावर. रस्त्यावर नाही. इथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पोलीस जागेवरच ३० दिवसांसाठी गाडी जप्त करतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं १८४ कलम धोकादायक वाहन चालवण्याचं आणि १८९ शर्यतीचं, दोन्हींत तुरुंगवासाची तरतूद आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी रस्त्यावर झाडलेली जागा नसते, समोर रिकामं नसतं आणि आवाज ऐकून हात वर करणारा माणूस नसतो. रंकाळ्याच्या कडेने रात्री अकराला बाइकची चाकं घासणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांचं कौतुक मला करता येत नाही. गर्दीत उभ्या एखाद्या लहान मुलाच्या पायावर गाडी येणं हा पट्ट्यावर जवळजवळ अशक्य आणि रस्त्यावर अगदी साधा अपघात आहे. धूरही छातीत भरून घेण्यासारखा नाही. मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहतो आणि मुलीला कानाला लावायचे मफ घातल्याशिवाय आणत नाही.

बर्नआउट संपला की काम संपत नाही. इंजिन लगेच बंद करायचं नाही, न्यूट्रलला ठेवून पंखा चालू द्यायचा. हँडब्रेक ओढायचा नाही, मागचे ब्रेक तापलेले असतात आणि लायनर तिथेच धरून बसतात, त्याऐवजी चाकाला लाकडी ठोकळा. मग कमानीतलं रबर काढायचं. ते लोकरीसारखं गुंडाळून बसलेलं असतं, हाताला मऊ लागतं आणि बोटं दोन दिवस काळी राहतात. एक्झॉस्टवर पडलेलं आधी काढायचं, कारण अर्ध्या तासाने पेट घेणारं तेच. ब्रेकचा होज वाकवून बघायचा, चाकांचे नट पान्याने परत आवळायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं गार झाल्यावर, आम्ही क्राऊनचं तेल काढतो. खालच्या नटाला चुंबक असतं. त्याच्यावर राखाडी, मलमासारखा बारीक लेप असेल तर पुसून नवीन तेल भरायचं आणि पुढच्या वेळची तयारी सुरू. बोटाला टोचणारी कपची सापडली, तर हौसिंग उघडून दात तपासल्याशिवाय ती यूट पट्ट्यावर जात नाही, मेळा उद्यावर आलेला असला तरी.